लुआनाचा तराफा

३ सप्टेंबर, मंगळवार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आज खुर्च्या कमी पडल्या. देल्मिरा समोरच राहते. तिने आपल्या स्वयंपाकघरातली स्टुलं उचलून आणली. त्यातल्या एकावर ब्रायन बसला आणि तास संपेपर्यंत गोल गोल फिरत राहिला. शाळेतून निवृत्त झाल्यावर या दुपारींचं काय करायचं म्हणून मागच्या हिवाळ्यात मी किती रडले होते! आता मंगळवार-गुरुवारची वाट पाहते.

सरकारने दिलेले लॅपटॉप मुलांकडे आहेतच. त्यांवर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरचं मांजर चालतं, म्यांव करतं, भिंतीला आपटून परत फिरतं. संगणकाला आज्ञा लिहून द्यायच्या नाहीत, रचून द्यायच्या. या वयात हे मला मुलांनीच शिकवलं, आणि अजिबात चिडचिड न करता.

आज मात्र देल्मिराने माझी फजिती केली. ब्रायन ओरडला, "बाई, माझं मांजर भूत झालं! भिंतीतून आरपार जातंय!" मी वाकून त्याचा एक ठोकळा सरकवायला गेले, तोच देल्मिरा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कडाडली, "सिस्टर झुल्मा! हात!"

शहरातून आलेल्या प्रशिक्षकाने आम्हा दोघींना बजावलेलं आहे, की मूल कितीही अडलं तरी शिक्षकाने त्याच्या यंत्राला हात लावायचा नाही. हात पाठीमागे ठेवून नुसते प्रश्न विचारायचे. देल्मिराने ब्रायनच्या गळ्यातला शाळेचा निळ्या फितीचा बो सोडवला आणि सगळ्यांदेखत त्यानेच माझे हात पाठीशी बांधले. मुलं हसून लोळली. मीही हसले. नन्सच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून ती मला 'सिस्टर' म्हणते. तिच्या चेष्टेचं मला काही वाटत नाही.

पण बाईंनी हात बांधूनच उभं राहायचं, तर बाई कशाला हव्यात? कोट टांगायची खुंटी चालेल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

रुफिनोची नात लुआना आजपासून यायला लागली. नऊ वर्षांची आहे. नदीवर रुफिनोचा तराफा आहे ना, त्याच घरातली. आई राजधानीत कामाला असते, नात आजोबांजवळ. आल्या आल्या गाल पुढे करून माझा मुका घेतला आणि कोपऱ्यातली जागा धरली. सगळी मुलं मांजर निवडतात. हिने मांजर पुसून टाकलं आणि एक लांब तपकिरी फळी काढली.

"हे काय गं?"

"तराफा, बाई."

"आणि हे वर?"

"आजोबा. दोर ओढतायत."

नवा पूल नाताळच्या आत सुरू होणार. मग तराफा कुणाला हवा? लुआनाला तो नोव्हेंबरमध्ये शाळेत होणाऱ्या मुलांच्या प्रदर्शनात चालवून दाखवायचा आहे, आणि आजोबांना पहिल्या रांगेत बसवायचं आहे. दोन कामं निवडून राजधानीच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवणार आहेत. मुलीने अजून समुद्र पाहिलेला नाही. आई समुद्राकाठी राहते आणि पोरीने समुद्र पाहिलेला नाही! माझ्या मनाने आजच घेतलं आहे, ही जाणार.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारभर रिमझिम. अशा दिवशी मैद्याच्या गरम तोर्ता फ्रिता तळल्या नाहीत तर आपल्या गावचं कुणी म्हणायचं नाही. भांडंभर घेऊन गेले. मुलांनी तेलकट बोटांनीच ठोकळे ओढले.

लुआनाचं काम पाहिलं. देवा! पुढे सरक, थांब, पुढे सरक, जरा खाली सरक, थांब, पुढे सरक... पडदा खाली खाली ओढत गेले तरी रांग संपेना. एवढ्या रांगेने तराफा चालतो तो असा, की एक काठ सोडून दुसऱ्या काठाला लागेपर्यंत ब्रायनने दोन तोर्ता संपवल्या.

मी हात पाठीमागे ठेवून, नियमाप्रमाणे, विचारलं, "लुआना, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची असेल तर आपल्याकडे कोणता ठोकळा आहे?"

"'पुन्हा करा'चा, बाई."

"मग ही एवढी लांब रांग त्या एका ठोकळ्यात मावेल की नाही?"

"मावेल, बाई." थोडा विचार करून म्हणाली, "पण मग आजोबांना दम लागणार नाही."

किती गोड! घरी येईपर्यंत हसत होते. मुलं काय काय बोलतात.

पसारा मात्र फार करते. रांगेपासून दूर, कोपऱ्यात, काही ठोकळे सुटेच पडलेले असतात. कशालाच जोडलेले नाहीत. त्यांवर बोट टेकवते आणि स्वतःशीच खुदखुदते. मी जवळ गेले की लगेच पडदा खाली सरकवते. "काय आहे?" म्हटलं तर "काही नाही, बाई. गंमत."

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज कपाट आवरताना आईने जपून ठेवलेला मेजपोश सापडला. तेराव्या वर्षी मी भरला होता. काठाला द्राक्षांचे वेल. सिस्टर इन्माकुलादा आम्हाला भरतकाम शिकवायच्या. मुली घरी गेल्या की त्या माझे वाकडे टाके उसवायच्या आणि स्वतः नव्याने घालायच्या, इतके बारीक की पाठीमागची बाजूही पुढच्यासारखी दिसावी. मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. सकाळी यावं तर द्राक्षांचा एक घोस आपोआप देखणा झालेला. त्या मेजपोशाला शाळेच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. असं प्रेम आता कोण करतं?

देल्मिराच्या मेजपोशावर त्या वर्षी एक कोंबडी होती, बदकासारखी दिसणारी. ती अजूनही तिच्या जेवणाच्या टेबलावर असते, डागांनी भरलेली. माझा मी पुन्हा घडी घालून ठेवला. का कोण जाणे, तो अंथरावासा मला कधी वाटलाच नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

प्रदर्शन परवावर आलं. लुआनाच्या लॅपटॉपची बॅटरी कुरकुर करते, म्हणून मी म्हटलं, माझ्याकडे राहू दे, चार्ज करून शनिवारी आणते. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "बाई, उघडू नका हं."

"चार्ज करताना उघडायचं कशाला?" मी म्हटलं.

आणि मी खरंच उघडणार नव्हते. पण संध्याकाळी वाटलं, एकदा नीट चालतंय ना ते बघावं. परवा सगळ्यांसमोर अडकलं तर पोरीचं तोंड एवढंसं होईल. सुरू करायच्या हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली. तराफा निघाला. थांबला. मागे आला! पुन्हा निघाला, खाली घसरला, थांबला. परीक्षकांना एवढा वेळ कुठला? ते तिसऱ्या थांब्यालाच पुढच्या टेबलावर जातील, आणि समुद्र राहील बाजूला.

मग मात्र मला राहवलं नाही. सबंध रांग काढून चार ठोकळे 'पुन्हा करा'त बसवले. तराफा आता हंसासारखा जातो. सुटे ठोकळे टाकून दिले. आकाशाला सूर्यास्त दिला, शेवटी हळुवार वाद्य वाजतं आणि 'समाप्त' अशी अक्षरं येतात. जतन केलं. तिचं नाव ठळक ठेवलं. माझं कुठेही नाही.

किती दिवसांनी इतकं शांत वाटतं आहे. तिने सकाळी यावं आणि तिला घोस देखणा झालेला दिसावा!

९ नोव्हेंबर, शनिवार

आज काही लिहीत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

प्रार्थनेला गेले नाही. सगळं गाव तिथेच भेटतं.

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

शाळेचं सभागृह भरलं होतं. रुफिनो दाढी करून, टोपी गुडघ्यावर ठेवून पहिल्या रांगेत. लुआनाचा अंगरखा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. दोन परीक्षक होते, दाढीवाला तरुण आणि एक बाई. लुआनाने झेंड्यावर टिचकी मारली आणि तराफा सरळ, सुरेख, पलीकडे पोचला. वाद्य वाजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रुफिनो मोठ्याने हसला. "अरे वा! माझ्या तराफ्याला मोटर बसवली वाटतं! आणि हे आधी नाही सुचलं होय कुणाला? पाठ तरी वाचली असती!"

सगळे हसले. लुआना नाही हसली. ती पडदा खाली ओढायला लागली, मग वर, मग कोपऱ्यात. तिथे पांढरं होतं.

"काय शोधतेयस गं?" दाढीवाल्याने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली, की चल, पुढे चल, छान चाललंय.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचं आहे?"

"बाईंचं."

रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. वर्गात एखादीने ही छत्री आपली नाही म्हणून सांगावं तसं सांगितलं. सबंध गावासमोर. मी ज्यांना लिहायला-वाचायला शिकवलं ते आईबाप तिथे बसले होते, आणि एकेक मान माझ्याकडे वळली. दाढीवाल्याने पेन खाली ठेवलं आणि मला न दुखवण्याची काळजी घेत म्हणाला, मुलांचं काम मुलांचंच असावं, असा आपला दंडक आहे. त्याची ती काळजीच मला जास्त लागली.

शिष्य पेत्राने येशूला नाकारलं ते शेकोटीपाशी, जिवाच्या भीतीने. या पोरीला कसली भीती होती? मी तिला समुद्र दाखवायला निघाले होते.

देल्मिरा जागची उठली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती सरळ लुआनाकडे गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

राजधानीला जायला निवड झाली ती एका बारा वर्षांच्या मुलीच्या कोड्याची आणि ब्रायनच्या मांजराची. ते मांजर भिंत खातं, झाड खातं, 'समाप्त' ही अक्षरंही खातं. परीक्षक बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

लुआना आली नाही. आणखी काही खुर्च्याही रिकाम्या. तास संपल्यावर देल्मिरा माझ्याकडे आली, बगलेत थर्मास, हातात 'माते'चा, त्या कडू पाल्याच्या चहाचा, प्याला. नेहमीसारखी न विचारता बसली, पहिला प्याला स्वतः प्यायली, दुसरा भरून माझ्याकडे केला.

"तू हात लावलास, झुल्मा."

"मदत केली."

"तिने उघडू नका म्हटलं होतं."

"हे तुला कसं कळलं?"

"तिनेच सांगितलं. कोपऱ्यात काहीतरी ठेवलं होतं तिने, आजोबांसाठी. तराफा थांबला की त्यावर बोट ठेवून सगळ्यांसमोर चालवणार होती."

"आणि तुला ते ठाऊक होतं?"

"काहीतरी आहे एवढंच. तिने दाखवलं नाही, मी मागितलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"अगं, गुपित होतं ना! गुपित सांगतात का?"

"म्हणजे तुम्ही दोघी मिळून माझ्यापासून लपवत होता."

"नऊ वर्षांच्या मुलीचं गुपित होतं ते, सिस्टर. कटकारस्थान नव्हतं."

"सिस्टर म्हणू नकोस मला."

मग म्हणाली, "त्या दिवशी मी तुझे हात बांधले ते काय नुसती गंमत म्हणून?"

पन्नास वर्षांची मैत्री! माझ्या बाबांच्या शवपेटीपाशी हिने रात्र काढली होती. आणि भर सभागृहात माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी प्याला संपवला, परत दिला आणि म्हटलं, "आभारी आहे."

मातेचा प्याला परत देताना आभार मानले की आता आणखी नको, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पण पहिल्याच प्याल्याला देल्मिराला मी असं कधी म्हटलं नव्हतं. तिने थर्मासचं झाकण लावलं. फार वेळ लावत होती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज खोलीत दोघीच मुली आल्या, त्याही बहिणी, त्यांची आई मला मानते म्हणून. तास लवकर संपवला.

दिवे लागायच्या सुमारास पाव आणायला निघाले. देल्मिराच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर आहे. आत सगळी होती. तीच स्टुलं, तीच पोरं, डागाळलेल्या कोंबडीवर लॅपटॉप ठेवलेले. लुआनाची पाठ माझ्याकडे होती. देल्मिरा खिडकीशी चिरत बसली होती, काय ते दिसलं नाही. पोरांकडे बघतसुद्धा नव्हती. याला शिकवणं म्हणतात?

ब्रायनने मला पाहिलं. "बाई! या ना आत! मांजर आता चंद्र खातं!"

देल्मिराने मान वर केली. लुआनाने केली नाही. मी थैली उंच करून दाखवली, पावाला चाललेय म्हणून, आणि पुढे गेले. आत या म्हणणारा एकटा ब्रायन. आणि तो तर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही आत बोलावतो.

पावाचं दुकान दुसऱ्या दिशेला आहे हे कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं.

१ डिसेंबर, रविवार

पूल सुरू झाला. वाजंत्री होती, गाड्यांचे भोंगे होते. लोक तराफ्यावर चढून फोटो काढून घेत होते. रुफिनो मला पाहून टोपी काढून म्हणाला, "बाई, चला, शेवटची खेप. तुमच्याकडून काही घेणार नाही."

मी गेले नाही. लुआना दोराजवळ उभी होती.

५ डिसेंबर, गुरुवार

लुआना येऊन गेली.

दुपारची वेळ, मी अंगणातल्या जाईला पाणी घालत होते. फाटकाशी उभी राहिली, लॅपटॉप छातीशी धरून. गाल पुढे केला नाही. मीही वाकले नाही. आता माफी मागायला आली असेल, असं मला वाटलं. काय बोलायचं हेही मनात ठरवून टाकलं, की झालं गेलं, बाळा, बाई रागावत नाहीत.

"बाई, तुम्हाला एक विचारू?"

"विचार."

"मी तराफा पुन्हा करतेय. ओढायचं सगळं आठवलं. कुठे थांबतात, कुठे मागे येतात, सगळं. पण कोपऱ्यातलं आठवत नाही." तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि उघडला. "त्यात आजोबा काय काय बोलतात ते होतं. मी तराफ्यावर बसून ऐकायचे आणि लगेच ठोकळ्यात लिहायचे. आजोबांना विचारलं तर म्हणतात, 'मी काय बोललो ते मी कशाला लक्षात ठेवू?' आणि आता ते ओढत नाहीत, तर तसं बोलतही नाहीत. नुसते बसतात."

मी पाण्याचा झारा खाली ठेवला.

"तुम्ही पुसायच्या आधी वाचलं असेल ना, बाई? काय होतं त्यात?"

ती खरोखरच विचारत होती. टोमणा नव्हता. बाईंनी एखादी गोष्ट न वाचता फेकली असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. माझ्याकडे आशेने बघत होती, बोट यंत्रावर तयार.

मी इतकी वर्षं मुलांना निबंध शिकवले. शब्द आपोआप जिभेवर आले.

"होतं ना. एका ठिकाणी ते म्हणतात, 'नदी माझी जुनी मैत्रीण आहे. ती मला ओळखते आणि मी तिला.'"

लुआनाने टंकायला सुरुवात केली. 'नदी माझी' पर्यंत आली आणि थांबली. पडद्याकडे बघत राहिली. मग एकेक अक्षर मागे पुसत गेली.

"आजोबा असं नाही बोलत, बाई."

"नाही?"

"नाही. हे तुमचं आहे."

जाईच्या कुंडीतून पाणी झिरपून ओट्यावर येत होतं. तिने लॅपटॉप उचलून कोरड्या जागी ठेवला.

"आजोबांचं काय होतं?"

"मी वाचलं नव्हतं, लुआना."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं," ती म्हणाली. लॅपटॉप मिटला. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मोठ्या माणसाकडून काहीतरी चुकून राहून गेल्यावर मुलं उभी राहतात तशी. मग फाटकातून बाहेर गेली आणि ओढून नीट लावून घेतलं.

तेव्हापासून मी आठवायचा प्रयत्न करते आहे. डोळे मिटून तो कोपरा बघते. किती होते? पाच? सहा? एकाखाली एक, की वेगवेगळे? त्यांच्या पांढऱ्या खिडकीत अक्षरं असणार, ती माझ्या डोळ्यांसमोरून गेली असणार, आणि माझं बोट तेव्हा काय करत होतं ते मला अगदी स्पष्ट आठवतं.

रंग आठवतो. जांभळे होते. चालण्याचे ठोकळे निळे, थांबण्याचे नारिंगी. जांभळे असतात ते बोलण्याचे.